इंदूची योग्यानुपलब्धी

इंदू,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला बोलायला उभं केलं आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. रोज संध्याकाळी दिवसभर राबून आलेल्या माणसांना भूमिती समजावताना घसा कोरडा करणारी मी, माईक हातात धरून नुसती उभी. शेवटी तुझ्या भावाने तो हळूच काढून घेतला. मग आपले मुख्याध्यापक बोलले. तू कुठली, किती शिकलीस, रात्रशाळेत मराठी आणि संस्कृत शिकवता शिकवता तत्त्वज्ञानात एम.ए. कसं केलंस, सगळं त्यांनी ओळीने सांगितलं. तुझं जन्मसालसुद्धा सांगून टाकलं, जे तू इतकी वर्षं माझ्यापासून लपवून ठेवलं होतंस. माझ्याहून मोठी निघालीस की! आणि मला 'म्हातारे' म्हणायचीस.

मी पांढऱ्या चादरीवर मांडी घालून बसले होते. समोर तुझा फोटो, मेणबत्त्या, आणि मनातल्या मनात मी तुझ्याशी भांडत होते. तेच भांडण आता लिहिते आहे. घरात दुसरं कोणी नाही, त्यामुळे कोणाला त्रासही नाही.

भांडण जुनंच आहे. दिवाळीची सुट्टी लागली त्या संध्याकाळी शाळेच्या फाटकाशी तू मला थांबवलंस आणि म्हणालीस, "मालू, तुझ्या शून्यावर उत्तर सापडलंय मला."

"सांग की मग."

"आत्ता नाही. शाळा उघडली की सांगते. सुट्टीभर डोकं खाजवत बस."

"चावट आहेस," मी म्हटलं. तू हसलीस, पिशवी खांद्याला लावलीस आणि चष्मा नाकावर चढवत बाजाराकडे वळलीस. मीही मागे वळून पाहिलं नाही. आपण रोज भेटणाऱ्या बायका, वळून कशाला बघायचं? तर ते उत्तर राहिलं. तुझ्या टेबलाच्या खणात मी शोधलेलं नाही. तू असलं काही लिहून ठेवणारी नव्हतीस, बोलून मोकळी होणारी होतीस.

तो शब्द तू माझ्या गळ्यात पहिल्यांदा घातलास तेव्हाचं मला लख्ख आठवतं. शाळा भरायला अवकाश होता. आपल्या रात्रशाळेची इमारत दिवसा दुसऱ्याच बालवर्गांची, त्यामुळे शिक्षकांच्या खोलीतसुद्धा बुटके बाक, गुडघे पार हनुवटीला. तू डबा उघडला होतास आणि एम.ए.चं वाचून आलेली होतीस, म्हणजे कोणाला तरी छळणं भागच होतं. समोर मी होते.

"या टेबलावर तांब्या आहे?" तू विचारलंस.

"नाही."

"कशावरून?"

"दिसत नाही म्हणून. डोळे आहेत मला."

"मग डोळ्यांना काय दिसलं?"

"टेबल."

"टेबल तर तांब्या असतानाही दिसतं."

गणिताच्या बाईला असं गप्प करणं म्हणजे तुला दिवाळीच. मग तू चपातीचा घास गिळून म्हणालीस, "बरं, या टेबलावर भूत आहे?"

"नाही गं बाई."

"कशावरून?"

"दिसत नाही."

"असतं तर दिसलं असतं?"

आता भूत असतं तरी दिसलं नसतं, हे मला कबूल करावं लागलं. तिथे तू मला धरलंस. म्हणालीस, म्हणजे नुसतं 'दिसत नाही' म्हणून 'नाही' म्हणता येत नाही. जी वस्तू असती तर दिसलीच असती, उजेड आहे, डोळे धड आहेत, मध्ये काही आड नाही, आणि तरी ती दिसली नाही, तरच 'ती इथे नाही' हे खरं ज्ञान. आपल्या जुन्या शास्त्रकारांनी त्याला नाव दिलंय, योग्यानुपलब्धी. जे कळण्याजोगं होतं त्याचं न कळणं. मी म्हटलं, एवढासा तांब्या नाही म्हणायला एवढा मोठा शब्द? तू म्हणालीस, तांब्याचं सोड, माणसाला लावून बघ.

त्या वेळी मी लावून पाहिला नाही. चहा आला आणि विषय बदलला.

मग मात्र तू सोडलंच नाहीस. शास्त्रकारांची भांडणं तू आपल्या नात्यातल्या भांडणांसारखी रंगवून सांगायचीस. नैयायिक म्हणतात, वस्तूचं नसणंसुद्धा डोळ्यांनाच दिसतं. मीमांसकांमधले एक म्हणतात, छे, डोळ्यांना फक्त जमीन दिसते, नसणं कळायला वेगळं साधन लागतं, ते म्हणजे अनुपलब्धी. त्यांच्यातलेच दुसरे म्हणतात, नसणं असं काही नसतंच मुळी. रिकामी जमीन असते, बस. मी तिथल्या तिथे या दुसऱ्यांच्या गटात नाव घातलं. रिकामी खुर्ची म्हणजे खुर्ची. तिच्यावर आणखी एक 'नसणं' कुठून बसवायचं?

"आणि तुमचे बौद्ध आचार्य काय म्हणतात?" मी विचारलं.

"ते म्हणतात, वेगळं साधन नको. ते अनुमानच. आणि नसणं ही काही वस्तू नव्हे."

"म्हणजे ते माझ्या बाजूचे!"

"अर्धे."

"आणि तू स्वतःच्याच आचार्यांच्या विरुद्ध?"

"माझ्या बापाने दीक्षा घेतली ती विचारायला, पाठ करायला नाही," तू म्हणालीस आणि माझ्या डब्यातलं लोणचं उचललंस.

तुझा हुकमाचा पत्ता मात्र शून्य. "फळ्यावर शून्य का लिहितेस? काहीच नाही ना ते? मग जागा मोकळी सोड." मी म्हणायचे, ते जागा धरतं. "कोणाची?" तू विचारायचीस. "आकड्याची." "जो तिथे नाही त्याची?" मी खडू आपटायचे. वर्षानुवर्षं आपण इथे येऊन अडकायचो, आणि म्हणे तुला उत्तर सापडलं.

तो शब्द हळूहळू शाळेत सगळ्यांच्या तोंडी बसला. चहावाला आला नाही की सर लोक म्हणायचे, आज चहाची योग्यानुपलब्धी. मी एकदा आपल्या कारकुनाच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हटलं, "ही घे तुझी योग्यानुपलब्धी." तू गंभीर चेहऱ्याने म्हणालीस, "नाही लागू होत. तो असेल अशी अपेक्षा मुळातच कोणी ठेवलेली नाही." हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तो बिचारा नेमका तेव्हाच दारातून आत आला.

पण तुझं खरं काम मी वर्गाच्या दारातून पाहायचे. तू हजेरी घ्यायची नाहीस. नावं पुकारणं तुला आवडायचं नाही, दिवसभर मुकादम पुकारतोच त्यांना, म्हणायचीस. तू वर्गात शिरायचीस, टेबलाला टेकून सगळ्यांवरून एकदा नजर फिरवायचीस आणि म्हणायचीस, "गणपत नाही. सुलोचना नाही. तो खिडकीतला कुठाय, पाळी बदलली का त्याची?" जे आलेत त्यांची नव्हे, जे नाहीत त्यांची नावं. आणि दुसऱ्या दिवशी गणपत आला की त्याला पहिला प्रश्न, काल का नव्हतास. तो लाजायचा, पण खूश व्हायचा. मोठा मिशाळ माणूस, सुतारकाम करून यायचा, आणि आपण काल नव्हतो हे बाईंना कळलं म्हणून खूश! मी नावं पुकारून मोकळी व्हायचे. माझ्या वर्गात 'हजर' म्हणून गलका व्हायचा आणि कोण बोललं नाही ते मला कळायचं नाही.

एकदा संध्याकाळी फ्यूज उडाला. दोन्ही वर्ग काळोखात. "वाट लागली, बाई, लाईट गेली!" मागून कोणीतरी ओरडलं. तू तुझ्या वर्गात म्हणालीस, "बसा जागेवर. आता काळोख आहे, आता कोण नाही ते मला सांगता येणार नाही. तुम्हीच सांगा." आणि एकेक आवाज यायला लागला. मी आहे बाई. मी आहे. मी पण आहे. शेजारच्या वर्गात मी काळोखात उभी राहून ते ऐकत होते. माझ्या वर्गातले सगळे शांत बसले होते, कारण मी त्यांना शांत बसा म्हटलं होतं.

आणि मग विठाचं ते प्रकरण. विठा तेव्हा नवी होती. लग्न होऊन देशावरून घाटकोपरला आलेली, पिठाच्या गिरणीत डबे वजन करणारी, केसात पीठ घेऊनच वर्गात यायची आणि शेवटच्या बाकावर भिंतीला लागून बसायची. ती आजारी पडली, दवाखान्यात होती. ते सगळे दिवस तू वर्गावरून नजर फिरवून म्हणत होतीस, "आज सगळे हजर!" आणि वर्ग टाळ्या वाजवत होता. विठा परत आली तेव्हा तास संपल्यावर तुझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाई, मी नव्हते."

"कधी?"

"लय दिवस. तुम्ही माझं नाव नाही घेतलं, असं शेजारीण म्हणाली. म्हटलं, विचारावं, यायचं का नाही."

तू त्या दिवशी जेवली नाहीस. मी समजूत घालायला गेले आणि आपलं खरं भांडण तिथे झालं. मी म्हटलं, "अगं, तुझ्या डोळ्यांना कळो न कळो, ती नव्हती ती नव्हतीच. जमीन रिकामी ती रिकामी. एवढं काय मनाला लावून घेतेस?"

"नव्हती ते खरंच," तू म्हणालीस. "पण कोणालाच कळलं नाही, तर माणसाने परत कशाला यायचं?"

"शिकायला."

"मालू, तू ना खरंच गणिताची बाई आहेस."

मला राग आला. दोन दिवस बोलले नाही. तू मात्र विठाचं नाव पुढे रोज घ्यायचीस, ती हजर असली तरी. "विठा आहे," म्हणायचीस आणि मगच पुस्तक उघडायचीस. इंग्रजीत अडकून ती अजून दहावी व्हायची आहे, पण एक दिवस चुकवत नाही.

माझी आई गेली ती त्यानंतर. मुलुंडच्या या दोन खोल्यांत मी आणि आई. लॅचमध्ये किल्ली फिरली की आतून मालवणीत विचारायची, "इलंस गो?" मी हो म्हणायचे आणि चपला काढायचे, एवढंच आमचं बोलणं. ती गेल्यावर किल्ली फिरायची आणि आत काही नसायचं. मी तुला सहज, अगदी सहज म्हटलं होतं, "सुट्टीत मी इथे पडून राहिले तर शाळा उघडेपर्यंत कोणाला पत्ता लागायचा नाही." पुढच्या रविवारी सकाळी माझं दूध तापवून होतंय तोच भिंतीपलीकडून हंसाबेनची हाक आली, "मालतीबेन! तमारी बहेनपणीनो फोन!"

मैत्रिणीचा फोन म्हटल्यावर मी हात पुसत धावले. रिसीव्हर कानाला लावला. आधी नाणं पडल्याचा खटका, मग तुझ्या चाळीजवळच्या विठाच्या गिरणीची घरघर, मग तू.

"आहेस?"

"आहे. का गं?"

"बरं." आणि ठेवून दिलास.

मला वाटलं, वेड लागलं हिला. पण मग प्रत्येक रविवारी, प्रत्येक सुट्टीत, तेच. खटका, घरघर, आहेस, आहे, बरं. एका नाण्यात कितीतरी बोलता आलं असतं, पण तू वाया घालवायचीस. हंसाबेनना वाटायचं, आपलं काहीतरी गुपित चाललंय. मी एकदा तुला विचारलं, "माझी हजेरी तू घेतेस, तुझी कोण घेणार?" तू म्हणालीस, "फोन वाजला की माझी लागली." मी त्यावर विचार केला नाही. आता करते आहे.

पुढे तुला मोतीबिंदू झाला. डॉक्टर म्हणाले अजून पिकला नाही, थांबा. तुला फोनच्या तबकडीवरचे आकडे दिसेनात, तर गिरणीतून विठा बाहेर यायची आणि नंबर फिरवून रिसीव्हर तुझ्या हातात द्यायची. हे तूच मला हसत सांगितलंस. मी चिडवलं, "तांब्या दिसत नाही आणि म्हणे नसणं दिसतं!" तू म्हणालीस, "म्हणून तर म्हणते, ते डोळ्यांनी दिसत नाही." तेव्हाही मी हरले होते, फक्त मान्य केलं नाही.

आता त्या दिवसाचं.

भाऊबीज होऊन गेली होती. जिन्यात रांगोळ्या पुसट झालेल्या. मी दूध तापवलं, चहा केला, एक कप. तुझी वेळ झाली. भिंतीपलीकडे शांत. मी भांडी विसळली, मुद्दाम आवाज न करता. मग तुझी वेळ टळली. मी हंसाबेनकडे गेले आणि 'जरा बसते' म्हणून बसले. त्या फराळाचे डबे भरत होत्या. मी म्हटलं, "तुमचा फोन चालू आहे ना?" त्यांनी रिसीव्हर उचलून माझ्या कानाला लावला. घूं आवाज येत होता. "चालू छे," त्या म्हणाल्या आणि चकल्या मोजायला लागल्या.

इंदू, त्या खोलीत आम्ही दोघी होतो. फोन एकच, न वाजणारा. हंसाबेनच्या लेखी सकाळ नेहमीसारखी होती, फोन वाजला नाही, त्यात काय? माझ्या लेखी फोन 'वाजत नव्हता'. फोन चालू होता, माझे कान धड होते, तुझी वेळ होऊन गेली होती. तुझ्या शास्त्राला लागणारी एकही अट अपुरी नव्हती. मी गणिताची बाई, मी पर्याय काढले. नाण्याची पेटी बिघडली असेल, गिरणी बंद असेल, सुट्टे नसतील, भावाकडे पाहुणे असतील. हे सगळं मी घरी येऊन साडी बदलता बदलता म्हणत होते. हंसाबेन दारातून म्हणाल्या, "क्यां जाओ छो?" मी म्हटलं, घाटकोपर. का, ते मला सांगता आलं नाही.

बसमध्ये मी खिडकीशी बसून तुला शिव्या देत होते. पोहोचल्यावर आधी काय बोलायचं ते ठरवत होते. तुझ्या चाळीच्या तोंडाशी आले आणि तुझ्या दाराबाहेर चपला दिसल्या. खूप चपला. सगळे पांढऱ्या कपड्यांत होते, आणि मी जांभळ्या काठाची साडी नेसून आले होते, कारण मला कोणी कळवलं नव्हतं. तुझ्या भावाकडे माझा नंबरच नव्हता. पहाटे झोपेतच गेल्या, असं कोणीतरी बाई म्हणाली. तेवढ्यात विठा दिसली. गिरणीतून तशीच धावत आलेली, केस, भुवया, हात, सगळं पिठाने पांढरं.

"बाई, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "फोन आला नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग मला हाताला धरून आत नेलं. तिच्या हाताचं पीठ माझ्या बाहीला लागलं. ती साडी मी अजून धुवायला टाकलेली नाही.

तेव्हापासून मी घरात फिरते आणि तुझा शब्द माणसाला लावून बघते. म्हणजे तू सांगितलं होतंस तसं. लागतो गं. फार नीट लागतो. रविवारी सकाळी तर असा लागतो की भिंतीला कान लावून बसावंसं वाटतं. दुपारी शेजारच्या टीव्हीवर सिनेमा लागतो, सगळी बिल्डिंग हसते, आणि मी चपाती करताना कणीक एकीचीच घेते. एकटं राहायची मला सवय आहे, ते मला कधी जड गेलं नाही. जड जातं ते हे, की मी आहे की नाही हे आता कोणी विचारत नाही. मी उद्या इथे नसले तर हंसाबेनच्या लेखी सकाळ नेहमीसारखीच असेल. तू फसवलंस मला. सवय लावलीस आणि गेलीस.

शाळा उघडली. मुख्याध्यापक म्हणाले, दुसऱ्या बाई मिळेपर्यंत इंदूबाईंचा वर्ग तुम्ही सांभाळा. मी गेले. ठरवून गेले होते की तुझ्यासारखंच करायचं. टेबलाला टेकले, सगळ्यांवरून नजर फिरवली. सगळे माझ्याकडे बघत होते, कोण नाही हे मी सांगेन म्हणून. आणि मला कळेना. बाक दिसत होते, माणसं दिसत होती, मध्ये रिकाम्या जागा दिसत होत्या. कोण असायला हवं होतं हेच मला ठाऊक नव्हतं, तर कोण नाही हे कुठून कळणार? नुसती जमीन दिसत होती, इंदू. माझ्या लाडक्या पंथाची जमीन. आयुष्यभर जिची बाजू घेतली ती समोर पसरली होती आणि माझ्या काही कामाची नव्हती.

शेवटी मी हजेरीपट उघडला आणि नावं पुकारायला लागले. पहिली दोन-तीन नावं झाली आणि माझा आवाज बसला. मागून गणपत म्हणाला, "राहू द्या बाई. हळूहळू कळेल तुम्हाला." मी पट मिटला. मग एकेकाला विचारलं, तू कुठे बसतोस, शेजारी कोण बसतं, ती कुठे काम करते. तास त्यातच गेला, मराठीचा एक शब्द झाला नाही. विठा शेवटच्या बाकावर भिंतीला लागून बसली होती. मी म्हटलं, "विठा आहे." तिने मान खाली घातली.

हे झालं या आठवड्यातलं. आणि आज रविवार आहे.

सकाळी मी दूध तापवलं. तुझ्या वेळेला घरात थांबायचं नाही, बाजारात जायचं, असं ठरवलं होतं. पिशवी हातात घेतली आणि भिंतीपलीकडे फोन वाजला. हंसाबेनकडे दिवसभर फोन वाजतो, त्यांच्या मुलीच्या सासरचा, दुकानाचा. मी चप्पल घालत राहिले. आणि हाक आली, "मालतीबेन!" एवढीच. पुढचं त्या बोलल्या नाहीत.

मी रिसीव्हर कानाला लावला. आधी काहीच नाही. मग नाणं पडल्याचा खटका. मग गिरणीची घरघर.

मी हंसाबेनच्या दाराला धरलं. काय वाटलं ते लिहिते, हसू नकोस. वाटलं, आता तू विचारशील.

"बाई," विठा म्हणाली, "आहात ना?"

घरघर चालूच होती. मग मी म्हटलं, "आहे."

"बरं," ती म्हणाली. अगदी तुझ्यासारखं. पण तिला तुझ्यासारखं लगेच ठेवता येईना. तिच्या श्वासाचा आवाज येत होता. नंबर तिच्या बोटांना पाठ होता, इतकी वर्षं तीच फिरवत होती. पुढे काय करायचं ते तिला तू शिकवलं नव्हतंस.

"विठा," मी म्हटलं, "तू उद्या वर्गात नसलीस तर मला कळेल हं."

"ठाऊक आहे बाई," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

हंसाबेन ओट्याशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, गॅस बारीक केला आणि हळू आवाजात विचारलं, "कोनो फोन हतो?"

मी डोळे पुसले आणि म्हटलं, "बहेनपणीचा."